हळूकाकांचं हलणारं घर

हळूकाकांचं हे नाव कुणी एकाने ठेवलेलं नव्हतं. त्यांच्या गाडीतून जो एकदा गेला, त्याने ते आपापलं ठेवलं. एकतीस वर्षं त्यांनी शहरातली बस चालवली, आणि काठोकाठ भरलेली घागर घेऊन माणूस उंबरा ओलांडतो तशी चालवली. शाळेतली पोरं मागून ओरडायची, "काका, उतरून ढकलू का?" एक आजीबाई तर रोज सांगायच्या की यांच्या गाडीत स्वेटरची एक बाही विणून होते. उशिराबद्दल साहेबांची इतकी पत्रं आली की काकांची बायको ती कपाटाच्या फळ्यांवर अंथरायची. काका पत्र घेत, सही करत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकेच हळू. जित्याची खोड, दुसरं काय!

या हळूपणाचं मूळ अख्ख्या डेपोला ठाऊक होतं, आणि ते हसण्यासारखंच होतं. ड्रायव्हरच्या बायकोला गाडी लागायची. शिंप्याच्या बायकोने सुईला घाबरावं तशातली गत! लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती एकदा त्यांच्या गाडीत बसली होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला थोरल्या बहिणीकडे जायला. शेवटचा थांबा यायच्या आत ती दाराच्या पायरीपाशी ओकली. कंडक्टरने वर माती टाकली, आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी डेपोतल्या पाण्याच्या नळापर्यंत पोचली. त्या दिवसानंतर काकू कधी बसमध्ये चढल्या नाहीत. नवऱ्याच्या नाही, कुणाच्याच नाही. बहिणीकडे जायचं तर दीड तास चालत जायच्या.

पुढे डेपोत रामराम-नमस्काराच्या जागी हाच प्रश्न झाला. "काय काका, काकूंना अजून गाडी लागते का?"

"लागते की," काका म्हणायचे, आणि चहाचा कप उचलायचे.

त्यांनी कधी न सांगितलेली गोष्ट एवढीच, की त्या दिवशी आपण गाडी वाईट चालवली असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. नीट चालवायला शिकलो, तर कधीतरी ती बसेल. म्हणून प्रत्येक वळण ते ती मागे बसली आहे असं धरून घ्यायचे, आणि थांब्यावर गाडी थांबली की आधी आतल्या आरशात बघायचे. एकतीस वर्षांत ती त्या आरशात पुन्हा आली नाही. मग काका निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांची इमारत धोकादायक ठरली. सकाळी दहाला कागद चिकटवला, दुपारी दोनला जिना बंद केला. बायको बहिणीकडे गेली. तिकडे एकाच माणसाची पथारी मावत होती, म्हणून काका दोन ट्रंका घेऊन डेपोतल्या ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत आले. पुढच्या आठवड्यात इमारत पाडताना ते समोरच्या फुटपाथवर उभे होते. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या खोलीची निळी भिंत उघडी पडली, त्यावरचा कॅलेंडरचा खिळा दिसला, आणि मग भिंत खाली आली. शेजारपाजारच्या बायका रडत होत्या. काकांना काही वाटलं नाही.

त्यांचा गियरचा हात, म्हणजे डावा पंजा, नोकरीच्या शेवटच्या वर्षांत बधीर झाला होता. चिमटा काढला तरी कळायचं नाही. चहा गरम आहे की गार, ते उजव्या हाताने बघायला लागायचं. तो बधीरपणा आता दंडातून वर चढून छातीत येऊन बसलाय, असं त्यांना वाटायचं. त्याचं दुःखही होत नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. दर रविवारी ते बहिणीच्या घरी जायचे, बायकोच्या शेजारी खुर्चीत तासभर बसायचे.

"औषध घेतलंस?"

"घेतलं. तुम्ही जेवलात?"

"जेवलो."

असे चौदा महिने गेले.

मग ती योजना आली. डेपोच्या मागे मोकळी जमीन होती आणि भंगारात काढलेल्या बारा बसगाड्या होत्या. इमारतीतल्या कुटुंबांना त्या गाड्यांचीच घरं करून द्यायची ठरली. योजनेच्या बाई डोक्यावर पिवळी टोपी घालून आल्या आणि त्यांनी नकाशा पसरला. मागच्या लांब सीटच्या जागी न्हाणीघर, मधल्या दाराच्या जागी ओटा, खिडक्यांच्या बाजूने पलंग, खाली सामानाचे खण. अकरा पावलं लांब, तीन पावलं रुंद. कुणी नाक मुरडलं, कुणी म्हणालं, पदरी पडलं पवित्र झालं.

"घर पाहावं बांधून म्हणतात," वेल्डर काकांना म्हणाला. हा वेल्डर डेपोतला जुना माणूस, कामाला वाघ आणि तोंडाला कुलूप नाही. "इथे बांधायचं कुठलं! तुमचं घर स्वतः चालत आलं. तेही तुमच्यापेक्षा लवकर!"

काकांना कामावर घेतलं. बाराही गाड्या त्यांनीच एकेक करून जागेवर नेऊन लावल्या. इंजिनं काढली, चाकं काढली, फिटर लोकांनी गाड्या ठोकळ्यांवर बसवल्या. काकांच्या वाट्याला सत्तावीस नंबरची गाडी आली. तिच्यावर त्यांनी शेवटची सहा वर्षं काढली होती. सगळ्यांना वाटलं, म्हातारा विरघळेल. म्हाताऱ्याने पाना घेतला आणि सीटा उकलायला लागला. बेचाळीस सीटा. रेक्झिन फाडलं की आतून शेंगांची टरफलं, एका बाळाचा मोजा, तिकिटांचे गोळे निघायचे. काका ते सगळं एका पोत्यात भरायचे. ड्रायव्हरची सीट मात्र त्यांनी शेवटी काढू म्हणून ठेवली, आणि ती राहिलीच.

घाई होती, कारण बहिणीच्या नवऱ्याची बदली झाली होती. महिनाअखेरीला ते सगळे दुसऱ्या गावी निघणार होते, रेल्वेने एक दिवस लागेल इतक्या लांब. बहीण तशी फटकळ. तिने रविवारी सरळच सांगितलं, "भाऊजी, हिला इथे रस्त्यावर टाकून मी जाणार नाही. घर झालं तर ठीक, नाहीतर ही आमच्याबरोबर येईल." आणि योजनेच्या बाईंनीही सांगून ठेवलं होतं की तीस तारखेला नवरा-बायको दोघांनी समोर येऊन सही करायची. एक जण आला तर घर यादीतल्या पुढच्या कुटुंबाला.

काकांनी बायकोकडे बघितलं. "येशील ना?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "बघू," ती म्हणाली.

एवढ्यावर सगळं अडलं होतं. या वयात एक जण एका गावाला आणि एक दुसऱ्या गावाला गेला की पुन्हा एकत्र येणं कसलं! ते दोघांनाही कळत होतं.

एकवीस तारखेला ती घर बघायला आली. दीड तास चालत आली, म्हणून चेहरा घामेजला होता. काकांनी लाद्यांसारखं दिसणारं लिनोलियम घातलं होतं, खिडक्यांना पडदे लावले होते, डिझेलचा वास जावा म्हणून तीन वेळा साबणाच्या पाण्याने घर धुतलं होतं. आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं कौतुकाने गोळा झाली. काकूंनी दाराच्या दांड्याला धरलं, पायरीवर पाय ठेवला आणि अंग वर उचललं.

गाडी हलली.

फार नाही, वीतभरही नाही. माणूस चढताना बस एका अंगाला जशी जरा दबते आणि पुन्हा वर येते, तशी. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, आणि मग आत एक नजरही न टाकता खाली उतरल्या.

"अरे देवा!" वेल्डर म्हणाला. "काकूंना उभी गाडीपण लागते!"

सगळे हसले. सवयीने काकाही थोडे हसले. काकू हसल्या नाहीत. "मला नाही जमायचं हो," त्या नवऱ्याला हळू आवाजात म्हणाल्या, आणि आल्या तशा चालत निघाल्या. काका फाटकापर्यंत बरोबर गेले. तिथून ती एकटी गेली. आपल्याला आता वाईट वाटायला हवं, असं काकांच्या मनात आलं. ते वाट बघत राहिले. काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरात ड्रायव्हरच्या सीटवर बसून डबा खात होते. मागे गाडी दबली. "ये रे वेल्डर," काका वळून न बघता म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं मी आहे ते?"

"एकतीस वर्षं दारातलं वजन मागे न बघता ओळखलंय," काका म्हणाले, आणि त्यांचा घास हातातच राहिला. डबा तसाच टाकून ते खाली उतरले, जमिनीवर पालथे झाले आणि गाडीखाली डोकं घातलं.

ठोकळे अ‍ॅक्सलखाली होते.

आता हे कळायला मेकॅनिक असायला नको. दोन चाकं जोडणारा आडवा दांडा म्हणजे अ‍ॅक्सल. बसचा सांगाडा अ‍ॅक्सलवर सरळ बसत नाही. दोघांच्या मध्ये लोखंडी पाटे असतात, धक्के खाणारे. डेपोत टायर बदलायचं तर ठोकळा अ‍ॅक्सलखाली देतात, कारण काम चाकाशी असतं. सगळ्यांची हयात त्यातच गेलेली. नकाशात लिहिलं होतं, "खालून भक्कम आधार द्यावा." फिटरांनी दिला, काकांनी तपासला, मान डोलावली. भक्कम होताच तो! फक्त वरचं अख्खं घर अजून पाट्यांवर झुलत होतं. घराला ठोकळा सांगाड्याखाली लागतो, हे त्या डेपोतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही, कारण त्यांच्या हातून गाडी आजवर परत चालण्यासाठीच उभी राहिली होती.

"बाराच्या बारा हलतायत की!" वेल्डरने कपाळावर हात मारला. "त्या शेवटच्या गाडीतली म्हातारी रोज म्हणते भूकंप झाला. मी तिला वेडी म्हणत होतो!"

"आधी ही करू," काका म्हणाले.

त्यांच्याकडे आठ दिवस होते. वेल्डरने लोखंडी पाइप कापून आठ पाय बनवले. काकांनी जॅक लावला आणि सांगाडा एका कोपऱ्याला दोन बोटं उचलला, पाय दिला, मग दुसरा कोपरा. एकदम उचलावं तर काचा तडकतात, पडद्यांची पट्टी वाकते, न्हाणीघराचा नळ उखडतो. म्हणून दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. हळूकाकांना हळू जा असं कुणी सांगायला नको होतं. ओट्यावर पाण्याने भरलेलं ताट ठेवलं होतं. पाणी कुठे कलतं ते बघायचं, खाली जायचं, जॅक फिरवायचा, पुन्हा वर यायचं. दिवसाला साठ वेळा. संध्याकाळी कंबर सरळ होत नसे. एकोणतीस तारखेला शेवटच्या पाट्यावरचं वजन सुटलं. काका आत गेले आणि घराच्या मधोमध दोन्ही पायांनी उडी मारली. ताटातलं पाणी हललं नाही.

त्यांनी बहिणीच्या घरी निरोप पाठवला. आता हलत नाही, एकदा येऊन जा.

तीस तारखेला दुपारी ती आली. खांद्याला एक पिशवी होती. ती राहायला आली की निरोप घ्यायला, ते पिशवीवरून कळत नव्हतं. काका दारात उभे होते.

"चढ," ते म्हणाले. "पाय आपट हवं तर."

तिने पायरीवर पाय ठेवला. काही झालं नाही. तिने दुसरा पाय जोरात आपटला. नुसता आवाज आला. ती आत आली, ओट्याला हात लावला, ताटातलं पाणी बघितलं.

"हे काय?"

"पातळी बघायला. आठ दिवस तेच चाललं होतं. खालून सगळं बदललं."

"एकट्याने?"

"वेल्डर होता."

"एवढं कशाला केलंत?" तिने विचारलं, आणि ती पलंगाच्या कडेवर बसली.

"कशाला म्हणजे? तुला गाडी लागते."

घरात खुर्ची नव्हती, म्हणून काका जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले, तोंड समोरच्या काचेकडे. आरसाही त्यांनी काढला नव्हता. त्यात ती दिसत होती.

"मला गाडी लागत नाही," ती म्हणाली.

"आता नाही लागायची. आठ पाय दिलेत—"

"तेव्हाही लागली नव्हती हो."

काका आरशात बघत राहिले.

"मला दिवस गेले होते. तिसरा महिना होता. आधी ताईला सांगावं, मग संध्याकाळी तुम्हाला, म्हणून निघाले होते. गाडीत पोटात कळा आल्या. कळ सोसवेना म्हणून ओकले. ताईकडे पोचले आणि तासाभरात सगळं संपलं. तुम्हाला कळवलं की ताप आलाय. आठ दिवस राहिले होते तिकडे, आठवतं? तुम्ही मोसंबी घेऊन आला होतात."

काकांना मोसंबी आठवली. बहिणीने दारातच घेतली होती.

"कुठल्या वळणावर?" त्यांनी विचारलं.

"बघा!" तिचा आवाज चढला. "म्हणून सांगितलं नाही! मला माहीत होतं, तुम्ही हेच विचाराल. वळण नव्हतं हो. गाडी सिग्नलला उभी होती. उभ्या गाडीत कळ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी पलंगावर पडून असतीस तरी झालं असतं. पण तुम्हाला ते पटलं असतं का? तुम्ही पुन्हा गाडी चालवली असतीत का?"

काकांनी खरंच विचार केला. "नसती चालवली," ते म्हणाले.

"मी परत आले तर सगळे हसत होते. ड्रायव्हरच्या बायकोला गाडी लागली म्हणे! तुम्हीही हसत होतात. म्हटलं, हसू दे. पुन्हा दिवस गेले की एकदम दोन्ही सांगेन." ती थांबली. "पुन्हा काही गेले नाहीत. मग ते राहिलं ते राहिलंच."

"आणि गाडीत का नाही बसलीस कधी?"

"दुसऱ्याच्या गाडीत बसले असते तर तुमच्या कानावर आलं असतं. आणि तुम्ही आरशात बघता. मला चेहरा लपवता येत नाही."

बाहेर कुणीतरी कपडे आपटत होतं. काका काही वाटण्याची वाट बघत होते. एकतीस वर्षं त्यांनी ज्या चुकीची भरपाई केली, ती चूक झालीच नव्हती. आणि जे झालं होतं, त्याच्यासाठी ते एक दिवसही रडले नव्हते. ते तिने एकटीने केलं होतं, दीड तास चालत जाताना आणि दीड तास चालत येताना.

"त्या दिवशी ही गाडी हलली," ती म्हणाली, "आणि सगळं परत पोटात आलं. हे न सांगता रोज या दारातून आत-बाहेर करणं मला जमणार नव्हतं. तुम्हाला सोडून जाणंही जमणार नव्हतं. म्हणून आज आले. मी सांगून मोकळी झाले. आता राहू की जाऊ, ते तुम्ही सांगा."

काका सीटवरून उठले. उठताना त्यांनी सवयीने हँडब्रेकच्या जागी हात नेला. तिथे आता नुसतं भोक होतं.

"पिशवी एकच आणलीस?" त्यांनी विचारलं.

तिने त्यांच्याकडे बघितलं. "दुसरी ताईकडे आहे. जड आहे."

"मी उचलतो. आधी सही करू, ऑफिस पाचला बंद होतं."

योजनेच्या बाईंनी बोट ठेवलं तिथे दोघांनी सही केली. मग ते फाटकाबाहेर आले. काका सवयीने पायवाटेकडे वळले. ती वळली नाही. ती थांब्यावर जाऊन उभी राहिली.

वेल्डर फाटकापाशी विडी ओढत होता. त्याने दोघांना थांब्यावर बघितलं आणि त्याला राहवलं नाही. "अहो काका, काकूंना बसने नेताय? ओकायला पिशवी तरी घ्या बरोबर! लागेल ना त्यांना!"

"तिला गाडी लागत नाही," काका म्हणाले. "कधीच लागत नव्हती."

ते ज्या आवाजात म्हणाले, त्याने वेल्डरची विडी हातातच राहिली. त्याने काकूंकडे बघितलं, मग काकांकडे, आणि विडी पायाखाली विझवली.

बस आली. काकू पुढे चढल्या, काका मागून. बसायला जागा नव्हती. ड्रायव्हर नवा होता, तरणाताठा, त्याने दार मिटायच्या आत गाडी सोडली. काकूंचा तोल गेला आणि त्यांनी काकांचा हात पकडला. काकांना ते कळलं नाही. पुढच्या वळणावर त्यांची नजर खाली गेली, तेव्हा दिसलं की ती त्यांच्या डाव्या पंजाला गच्च धरून उभी आहे. त्या हाताला काही कळत नव्हतं. त्यांनी तो सोडवून घेतला. तिने दचकून वर बघितलं. काकांनी गर्दीतच अंग वळवलं, डाव्या हाताने दांडा धरला आणि उजवा हात तिच्यापुढे केला.

"हा धर," ते म्हणाले. "याला कळतं."